'आधी डॉक्टरांचा कागद आणा': सुटकेच्या प्रार्थनेपर्यंतचे माझे आठ महिने

आपल्याला सैतानानं धरलंय असं वाटून मी चर्चकडे सुटकेची प्रार्थना, म्हणजे त्याच्यापासून सोडवण्याची प्रार्थना, मागायला गेले होते. हे लिहावं की नाही, यात दोन महिने गेले. शेवटी बसले ते मैत्रिणीच्या एका मैत्रिणीमुळे. तिनं रात्री साडेअकराला निरोप पाठवला, "ताई, फादरना नेमकं सांगायचं काय? मला वेडी तर नाही ना ठरवणार?" हाच प्रश्न पोटात घेऊन मी जानेवारी ते मार्च काढले होते. तेव्हा कोणी तरी सरळ क्रमानं सांगायला हवं होतं, म्हणून हा सगळा प्रकार तारखांसकट लिहिते.

मी जन्मानं कॅथलिक. सैतान आहे असं आमच्या घरात मानत, पण त्याचं नाव फारसं कोणी काढत नसे. प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'आम्हांला वाइटापासून सोडव' या ओळीपुरताच त्याचा आमचा संबंध. ऑक्टोबर २०२४ मध्ये आई गेली. शेवटचे चार महिने मी तिच्याजवळच होते आणि झोप म्हणजे तुकडे-तुकडे, एवढीच सवय राहिली होती.

९ जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास जाग आली आणि अंग हलेना. डोळे उघडे, खोली दिसतेय, नवरा शेजारी घोरतोय, आणि दारात कोणी तरी उभं आहे. ते जवळ आलं. छातीवर वजन पडलं. 'येशू' म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. मिनिटभर असेल, मला तासभर वाटलं. त्या महिन्यात असं पाच वेळा झालं.

तेवढंच असतं तर मी कोणाला सांगितलंही नसतं. पण फेब्रुवारीत दिवसाही सुरू झालं. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, फादर ख्रिस्तप्रसाद (येशूचं शरीर मानली जाणारी भाकर) उंच धरत, नेमकं त्याच क्षणी मनात घाणेरडी शिवी यायची. पवित्र मरियेबद्दल असे विचार यायचे की लिहिता येत नाहीत. मग उपाय म्हणून मी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. विचार मध्ये आला की 'नमो मरिया' परत पहिल्यापासून. वीस मिनिटांच्या जपमाळेला दोन-दोन तास लागायला लागले. कधी कधी एका आठवड्यात तीनदा पापनिवेदनाला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायला, जायचे, तेही वेगवेगळ्या चर्चमध्ये, म्हणजे कोणी ओळखायला नको.

आणि रात्री मोबाइल. हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. तीन वाजताची वेळ सैतानाची असते, असं कुठे तरी वाचलं आणि मग तीनलाच जाग यायला लागली. जर्मनीतल्या आनेलीझे मिशेलची हकिगत वाचली. १९७५-७६ मध्ये तिच्यावर भूतनिस्सारणाचे, म्हणजे भूत काढण्याचे, ६७ विधी झाले, आणि १ जुलै १९७६ ला ती उपासमारीनं गेली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. १९७८ मध्ये तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरले. त्या हकिगतीतून मी काय घेतलं? तिला दिसलेले चेहरे! ती वर्षानुवर्षं फिट्सची रुग्ण होती आणि शेवटी अन्नपाणी नाही म्हणून मेली, हा भाग मी अक्षरशः डोळ्यांखालून घातला आणि पुढे गेले. भ्यालेला माणूस काय वाचतो आणि काय गाळतो, बघा.

२२ आणि २३ फेब्रुवारीला एका सुटकेच्या सभेला गेले. कोणाची, कुठली, ते सांगत नाही. तिथं मला पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि दहा मिनिटांत माझ्यात सात आत्मे असल्याचं सांगितलं. सातही जणांची नावं एका कागदावर लिहून दिली. मृत्यूचा आत्मा, निंदेचा आत्मा, आजीकडून आलेला वंशशाप, असं बरंच. मग जोरात खोकायला सांगितलं, खोकल्यावाटे ते निघतात म्हणून. मी घसा बसेपर्यंत खोकले. शेवटी झोळी फिरली, आणि जाताना कानात सांगण्यात आलं की डॉक्टरांची झोपेची गोळी हे अविश्वासाचं लक्षण आहे. मी ती त्या रात्रीपासून बंद केली. पुढचे चार दिवस सलग डोळ्याला डोळा लागला नाही, आणि जे एरवी आठवड्यात एकदा व्हायचं ते एका रात्रीत दोनदा झालं. मला वाटलं, सात जण चिडलेत.

नवऱ्यानंच शेवटी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, फादरना फोन केला. १४ मार्च, ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार. क्रूसाच्या वाटेची भक्ती संपल्यावर त्यांनी आम्हांला थांबवून घेतलं. मी धडाधड बोलत सुटले. त्यांनी चाळीस मिनिटं ऐकलं आणि मग जे प्रश्न विचारले ते ऐकून मी थक्क झाले. झोप किती होते? जेवतेस का? आई जाऊन किती दिवस झाले? कुठली गोळी चालू होती, कोणी बंद करायला सांगितली? प्लँचेट, भविष्य, ताईत-गंडा यांपैकी कशात कधी पडलीस का? आणि शेवटी:

"आधी डॉक्टरांचा कागद आण. मग मी बिशपांना लिहितो."

मला राग आला. मी सैतानाबद्दल बोलतेय आणि हे रक्त तपासायला सांगतायत! नवरा बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, निदान ऐकलं तरी त्यांनी." खरं तर फादरनी कारणही नीट सांगितलं होतं, मीच त्या दिवशी बहिरी होते. नंतर समजलेलं असं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम ११७२ आहे. भूतग्रस्तावर भूतनिस्सारणाचा मोठा विधी करायचा तर स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी लागते, आणि ती फक्त अशा धर्मगुरूला मिळते ज्याच्यापाशी भक्ती, ज्ञान, सुज्ञपणा आणि स्वच्छ आचरण आहे. आपले फादर कितीही चांगले असले तरी ते स्वतःहून हा विधी करू शकत नाहीत. आजार, विशेषतः मनाचे आजार, ही वेगळी गोष्ट आणि तिचा इलाज वैद्यकशास्त्राकडे, असं धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद १६७३ मध्ये सरळ लिहिलंय. आणि हे काही आधुनिक काळात डॉक्टरांना घाबरून घातलेलं नाही. १६१४ च्या विधिग्रंथातली सुरुवातीचीच सूचना आहे की कोणी भूतग्रस्त आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका.

त्या दिवशी फादरनी आणखी एक गोष्ट बंद करायला लावली. मी रोज रात्री पोप तेराव्या लिओंचं ते लांबलचक, सैतानाला थेट हुकूम देणारं भूतनिस्सारणाचं सूत्र वाचत होते, इंटरनेटवरून उतरवून. सामान्य भाविकांनी ते वापरू नये, असं रोमहून २९ सप्टेंबर १९८५ च्या पत्रानं कळवलेलं आहे. ज्यांना अधिकार नाही त्यांनी सभा घेऊन भुतांशी बोलू नये, त्यांची नावं विचारू नयेत, हेही त्याच पत्रात. माझ्या पर्समधला सात नावांचा कागद मला एकदम जड वाटायला लागला. मुख्य देवदूत मिखाएलाची छोटी प्रार्थना मात्र म्हण म्हणाले, एकदाच. तीही त्याच पोपची, १८८६ पासून मिस्सेनंतर म्हणायला लावलेली. "एकदाच" यावर त्यांनी इतका जोर का दिला, ते मला जूनमध्ये कळलं.

इथं एक कामाची गोष्ट. फादरना भेटायच्या आधी वही करा. तारीख, वेळ, काय झालं, आदल्या रात्री किती झोप, काय खाल्लं, कुठली गोळी, कोण सोबत होतं. अर्थ लावू नका, नुसतं घडलेलं लिहा. मी पहिल्या आठवड्यात 'सैतान आला' असं लिहायचे. नवऱ्यानं ते खोडून 'छातीवर वजन, दोन मिनिटं' असं लिहायला शिकवलं. ही वही पुढे डॉक्टरांनाही लागली आणि फादरनाही.

२ एप्रिलला फॅमिली डॉक्टर. रक्त, थायरॉइड, मग मेंदूचा आलेख, फिट्सची शंका नको म्हणून. सगळं ठीक निघाल्यावर १६ तारखेला मनोविकारतज्ज्ञ. ते ख्रिस्ती नाहीत, कुठल्याच देवाला मानत नाहीत असं वाटलं. मी अंग चोरून बसले. ते म्हणाले, "तुमचा विश्वास काढून घ्यायला मी बसलेलो नाही. तुमच्या फादरांचं काम त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे." मग वहीची पानं उलटत त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्यांची मी एकच मोट बांधली होती.

पहाटेचा प्रकार म्हणजे स्लीप पॅरॅलिसिस. स्वप्नाच्या झोपेत शरीर आपोआप शिथिल होतं, म्हणून आपण स्वप्नात पळतो तसे अंथरुणात पळत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागे राहतं. तेव्हा छातीवर दाब येणं, खोलीत कोणी असल्याची खात्री वाटणं, हे जगभर लोकांना होतं. झोप अपुरी असेल आणि माणूस उताणा झोपला असेल तर जास्त. शिव्यांचे विचार आणि प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणं हा मात्र मंत्रचळ, इंग्रजीत ओसीडी. शब्द जुनाच आहे, आपण तो सतत हात धुणाऱ्यांसाठी वापरतो. ज्याला जे सर्वांत पवित्र, त्याच्यावरच तो हल्ला करतो, असं डॉक्टर म्हणाले. नव्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात तसे मला ख्रिस्तप्रसादाबद्दल. मी रडले. मी मनातून तसली बाई आहे म्हणून ते विचार येत नाहीत, हे पहिल्यांदा कोणी तरी सांगितलं होतं, आणि तो माणूस चर्चमध्ये पाऊल न टाकणारा निघाला.

गोळ्या सुरू झाल्या. मंत्रचळावर त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, हे त्यांनी आधीच बजावलं. बरं झालं, नाही तर मी तिसऱ्या आठवड्यात सोडल्या असत्या. त्याबरोबर एक शिक्षणही सुरू झालं. वाईट विचार आला तर येऊ द्यायचा, प्रार्थना अर्धवट वाटली तरी तशीच पुढे न्यायची. माझ्यासाठी हे दात काढण्यासारखं होतं.

डॉक्टरांचा अहवाल हातात आला २१ एप्रिलला. त्याच दिवशी पोप फ्रान्सिस गेले. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात माझा कागद कोण बघणार? पुढचे तीन आठवडे नुसते प्रार्थनांचे आणि बातम्यांचे. ८ मे रोजी नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं. मी इकडे तेराव्या लिओंच्या सूत्रातून जेमतेम सुटलेली, मला एकटीलाच हसू आलं. चांगलं लक्षण होतं ते, खूप दिवसांनी हसले होते.

१९ मे रोजी कार्यालयातून पत्र आलं. सोबत सहा पानी अर्ज. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची तारीख, चर्चचं नाव, शेवटचं पापनिवेदन कधी, चालू औषधं, आधी कोणाकोणाकडून प्रार्थना करून घेतली, कुठल्या तांत्रिक-मांत्रिक गोष्टींशी संबंध. बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढावा लागला, जुना चालला नाही, त्यात आठवडा गेला. एक संमतिपत्रही होतं. नेमलेले फादर माझ्या डॉक्टरांशी बोलू शकतात, त्यावर माझी सही. तिथं मी अडखळले, पण माझं ऐका, ती सही द्या. दोघांनी एकमेकांशी बोलल्यामुळे माझे निदान तीन महिने वाचले. फी कुठेच नव्हती. आठ महिन्यांत चर्चनं माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. खर्च झाला तो डॉक्टर, तपासण्या, गोळ्या आणि प्रवास यांवर. प्रार्थनेआधी पैशाचं बोलणारा माणूस दिसला की उठून यावं, हे आता मी बेधडक सांगते.

११ जूनला नेमलेल्या फादरांची भेट. सत्तरीतले, कानाला यंत्र लावलेले, खिशात लिमलेटच्या गोळ्या. खोलीत एक सिस्टरही होत्या, नवऱ्यालाही बसायला सांगितलं. स्त्रीला ते एकटीला भेटतच नाहीत. अडीच तास बोलणं झालं. जुन्या ग्रंथातली तीन लक्षणं त्यांनी एकेक करून विचारली. न शिकलेली भाषा बोललीस किंवा समजली का? लांबच्या, लपलेल्या गोष्टी सांगितल्यास का? अंगात वयापलीकडची ताकद आली का? नाही, नाही, नाही. १९९९ मध्ये आलेल्या नव्या विधिग्रंथात देवाच्या, येशूच्या नावाचा, पवित्र वस्तूंचा तीव्र तिटकारा हेही लक्षण म्हणून धरलंय. "तुला तिटकारा आहे का?" मी म्हटलं, "फादर, मला भीती आहे. तिटकारा नाही. मला तर यायचंय." ते हसले. "सैतानाला पापनिवेदनाला आठवड्यात तीनदा जायची हौस नसते गं."

मग मी तो कागद काढला. त्यांनी हातात घेतलाच नाही. "मला त्यांची नावं नकोत. तुझं सांग, बाप्तिस्म्यात काय नाव ठेवलं?"

इतक्या महिन्यांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाशियस यांच्याबद्दल त्यांनी सांगितलं. तलवार सोडून स्पेनमधल्या मानरेसाला राहिले होते, १५२२ साल. केलेली पापं नीट सांगितली गेली नाहीत या धास्तीनं ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करत. इतके पिचले की जीव द्यावा असं मनात आलं. शेवटी जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत, असं ठरवून टाकलं. पुढे त्यांनीच शिकवलं की शत्रू, म्हणजे सैतान, चोरट्या प्रियकरासारखा असतो, आपलं बोलणं तिसऱ्याला कळू नये एवढीच त्याची धडपड. मला माझी वेगवेगळी चर्च आठवली.

"मग मला भूतबाधा नाही?" मी विचारलं. मला स्वच्छ 'नाही' हवं होतं. ते म्हणाले, मोठ्या विधीसाठी लागते ती खात्री मला नाही, तेव्हा तो विधी नाही. बाकी, थकलेल्या माणसाच्या कानाशी सैतान कुजबुजतो का? कुजबुजत असेल. त्याला वाट कुठली मिळते, ती आपण बंद करू. गोळ्या चालू ठेव. याहून जास्त ते बोलले नाहीत. घरी येताना मी फुरंगटले होते, कारण सात नावांच्या बदल्यात मला एकही मिळालं नव्हतं.

सुटकेच्या प्रार्थनेच्या तीन बैठकी झाल्या: ५ जुलै, २६ जुलै, २३ ऑगस्ट. सिनेमात बघितलेलं सगळं विसरा. चर्चच्या बाजूची लहान खोली, पंखा, चार खुर्च्या. पवित्र पाणी शिंपडणं, संतांची लितानी (एकेका संताचं नाव घेऊन 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणणं), बायबलमधलं स्तोत्र ९१, शुभवर्तमानाचा उतारा. मग बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण: "सैतानाचा त्याग करतेस का?" "करते." आणि देवाकडे मागणं. मोठ्या विधीतही दोन तऱ्हेची सूत्रं असतात, एक देवाला विनवणारं आणि एक सैतानाला हुकूम करणारं, आणि विनवणीशिवाय नुसता हुकूम चालत नाही. माझ्या वाट्याला फक्त विनवणी होती. ओरडणं नाही, खोकणं नाही. पहिल्या दिवशी लितानीच्या मधोमध माझं पोट जोरात गुरगुरलं, बाकी काही घडलं नाही. खरं सांगते, मी निराश झाले. काही तरी बाहेर पडताना दिसावं, अशी माझी आतून इच्छा होती. दुसऱ्या बैठकीत आईच्या नावाच्या संतिणीचं नाव आलं, आणि 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणताना मी जी रडले ती अर्धा तास. सिस्टरनी रुमाल दिला. फादर थांबले, घाई केली नाही.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. कमरपट्टा सत्याचा, उरस्त्राण नीतिमत्त्वाचं, ढाल विश्वासाची, शिरस्त्राण तारणाचं. त्या सभेत हेच वचन आम्ही युद्धगीतासारखं गर्जत होतो. फादरनी पेन्सिलीनं दाखवलं की तिथं टिकून राहा, उभे राहा असंच पुन्हा पुन्हा म्हटलंय, चाल करून जा असं नाही. मग स्तोत्र ९१ काढलं. "हे सैतानालाही पाठ आहे. मंदिराच्या टोकावर उभं करून येशूला त्यानं यातलंच वचन ऐकवलं. तेव्हा किती वेळा म्हटलंस याच्यावर काही नसतं." म्हणून माझा नियम ठरला: रात्रीची प्रार्थना एकदा, चुकली तरी एकदाच. पापनिवेदन महिन्यातून एकदा, एकाच फादरकडे, आधी सांगितलेलं पाप पुन्हा नाही. मोबाइल दहाला स्वयंपाकघरात. हा शेवटचा नियम डॉक्टर आणि फादर दोघांनी वेगवेगळा दिला, शब्द तेवढे वेगळे.

तुम्ही कॅथलिक नसाल तर वाट थोडी वेगळी पडेल. अँग्लिकन चर्चमध्ये, निदान इंग्लंडात, १९७५ पासून बिशपांनी घालून दिलेले नियम आहेत आणि तिथंही डॉक्टरांना सोबत घेऊनच हे काम चालतं. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा पाळकच प्रार्थना करतात, लेखी परवानगीची भानगड नसते. तेव्हा विचारून घ्या की प्रार्थनेत आणखी कोण असेल, हे पाळक कोणाला जबाबदार आहेत, आणि औषधांबद्दल त्यांचं म्हणणं काय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर काय येतं त्यावर मी ठरवेन.

शेवटच्या बैठकीनंतर माझी फाइल बंद झाली. तसं पत्र वगैरे येत नाही, मीच दोनदा फोन करून विचारलं. मिस्सेत विचार अजून येतात, पण रस्त्यावरच्या हॉर्नसारखे. गोळ्यांचा डोस ऑक्टोबरमध्ये तसाच ठेवलाय, कमी करायचं डॉक्टर पुढच्या वर्षी बघणार. सात नावांचा कागद प्रवासाच्या पावत्यांबरोबर कधी कचऱ्यात गेला, माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या मंगळवारी पहाटे पुन्हा झालं. दार, सावली, वजन. जीभ उचलली नाही, तेव्हा मनातच एकदा 'येशू' म्हटलं आणि वाट बघितली. सुटलं. दिवा लावून वहीत तारीख टाकली, समोर लिहिलं 'उताणी झोपले होते', आणि कुशीवर वळले.